बाराचें माप

आमच्या जळकोटाच्या शेजारीं उदगीरचा भुईकोट किल्ला आहे. इ. स. १७६० च्या आरंभीं सदाशिवरावभाऊंनीं या मुलखांत निजामाच्या सैन्याचा पराभव केला. त्या विजयांत इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा वांटा मोठा होता, हें आपण शाळेंत शिकलों. तोफांचीं नांवें इतिहासांत येतात. परंतु एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तोफेंत दारू किती घालावयाची, हें गोलंदाजास कोण सांगत असे?

प्रश्न क्षुल्लक नव्हे. दारू उणी पडली तर गोळा तटापर्यंत पोंचत नाहीं. अधिक झाली तर तोफ फुटते आणि शत्रूऐवजीं आपलाच मनुष्य मरतो. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स इ. स. १४६० मध्यें रॉक्सबरोच्या वेढ्यांत स्वतःच्याच फुटलेल्या तोफेनें मेला. जेथें राजाची ही गत, तेथें सामान्य गोलंदाजाची कथा काय?

जुन्या काळीं हें ज्ञान गुरूकडून शिष्याकडे जाई. गोळ्याच्या वजनाचा अमुक हिस्सा दारू, असा ठोकताळा असे. तो तीन कारणांनीं फसे. एक, दारूचा जोर सारखा नसे. सोरा अशुद्ध असला वा दारू ओलावली तर तो उतरे, आणि दाणा बारीक असला तर ती झपाट्यानें जळून दाब एकदम चढे. दोन, नळीचें ओतकाम सर्वत्र सारखें नसे. तीन, गोळा सैल बसला तर वायु बाजूनें निसटे, घट्ट बसला तर दाब वाढे. म्हणून एका तोफेचें माप दुसरीस खात्रीनें लागू पडत नसे.

धारवाडच्या वेढ्यांत (इ. स. १७९०-९१) परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर एडवर्ड मूर नांवाचा इंग्रज अधिकारी होता. मराठे गोलंदाज तोफ भरून अर्धा तास गप्पा मारीत, तमाखू ओढीत बसतात व मग ती उडवितात, असें त्यानें थट्टेनें लिहून ठेविलें आहे. त्यांत आळसाचा दोष असेलही. परंतु तापलेल्या नळीस निवूं देणें हा सावध गोलंदाजाचा धर्मच होय.

ठोकताळ्याच्या जागीं मोजणी आणण्याचें मोठें श्रेय बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाकडे जातें. जड लोलकावर गोळी झाडून, लोलक किती हलतो यावरून त्यानें तिचा वेग काढला, आणि इ. स. १७४२ मध्यें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें तो कंपनीच्या चाकरींत हिंदुस्थानांत आला व इ. स. १७५१ मध्यें फोर्ट सेंट डेव्हिड येथें वारला. एकोणिसाव्या शतकांत अँड्र्यू नोबल यानें नळीच्या आंतील दाब तांब्याचा तुकडा किती चेपतो यावरून मोजला.

नव्या नळीची परीक्षाही अशीच कठोर असे. तींत नेहमींपेक्षां अधिक दारू भरून, दूर उभें राहून बार काढावयाचा; ती टिकली तरच तिच्यावर शिक्का बसे. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह इ. स. १८१३ चें आहे. आपल्याकडे ओडिशांतील चांदीपूर येथें इ. स. १८९५ पासून दारूगोळ्याची परीक्षा होत आली आहे.

इ. स. १८८४ मध्यें फ्रान्समध्यें व्हिएय यानें धूरहीन दारू काढली आणि जुनीं मापें निरुपयोगी झालीं. ठासणीच्या बंदुकीसाठीं शिंगांतून काळी दारू मापट्यानें घेत. तेंच मापटें नव्या दारूनें भरणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण! नवी दारू तितक्याच मापांत कितीतरी अधिक दाब उत्पन्न करते.

ज्या देशांत घरीं काडतुसें भरण्याची मुभा आहे, तेथील शहाणे लोक दारू बनविणाऱ्यांनीं छापलेलीं कोष्टकेंच पाहतात. त्यांत दारूची जात, गोळीचें वजन, टोपी आणि नळी हीं सर्व नमूद असतात. एक बदललें तरी आंकडा बदलतो. मित्रानें सांगितलेला आंकडा त्याच्या बंदुकीचा असतो, आपल्या नव्हे. आपल्या देशांत तर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवान्यावांचून काडतुसें बनविणें हा गुन्हा आहे.

उदगीरचे बुरूज पाहतांना त्यांवर लढलेल्या वीरांबरोबर, बाराचें माप चुकून आपल्याच तोफेपाशीं पडलेल्या निनांवी गोलंदाजांचेंही स्मरण व्हावें. कोष्टकांतील प्रत्येक आंकड्यामागें कोणाची तरी फुटलेली नळी आहे.