विसाराची नोट

मागच्या महिन्यात टीममधला एक मित्र हनोईहून परत आला आणि लंचला त्याने प्लास्टिकच्या पाकिटातल्या जुन्या नोटा टेबलावर मांडल्या. व्हिएतनाम फ्रेंचांच्या ताब्यात असतानाच्या, बँक ऑफ इंडोचायनाच्या. फ्रेंच, चिनी, व्हिएतनामी, ख्मेर आणि लाओ, एवढ्या भाषा एकाच कागदावर! बाकीचे 'वॉव' वगैरे म्हणत होते. मी मात्र पटकन बोलून गेलो, "आमच्या गावाकडे पण अशी एक आहे."

गाव म्हणजे पुसेगाव. साताऱ्याचं नाही हो, हिंगोलीचं! (हे वाक्य मी आयुष्यात किमान पाचशे वेळा म्हटलं असेल.)

ती नोट हैदराबाद संस्थानाची, दहा रुपयांची. उर्दू, इंग्रजी, मराठी, तेलुगू आणि कन्नड, म्हणजे आपणही पाच भाषांवाले. संस्थानिकांनी कागदी चलन काढायला इंग्रजांचा विरोध असायचा. पण पहिल्या महायुद्धात चांदीचा दुष्काळ पडला, निजामाने युद्धाला भरपूर मदत केलेली होती, आणि 1918 मध्ये परवानगी मिळाली. आधी दहाच्या आणि शंभरच्या नोटा आल्या, 1919 मध्ये एक आणि पाचच्या, 1926 मध्ये हजाराची. सुरुवातीला छपाई लंडनला वॉटरलो कंपनीत, नंतर चक्क आपल्या नाशिकला. सुरुवातीच्या नोटांवर सन फसली असतो. त्यात 590 मिळवा, साधारण इसवी सन येतो. 1327 फसली म्हणजे 1917-18.

नाव 'उस्मानिया सिक्का', पण मराठवाड्यात सगळे 'हाली'च म्हणायचे, आणि इंग्रजी रुपया तो 'कलदार'. हाली म्हणजे सध्याचा, चालू. आपलं 'हल्ली' तिथूनच आलंय. बंद पडून सत्तर वर्षं झालेल्या पैशाचं नाव 'चालू' :-)

आता माझा आवडता भाग. दर होता 7 हाली म्हणजे 6 कलदार. शंभर कलदारचे हाली किती? 116 रुपये 10 आणे 8 पै. बरोब्बर, शिल्लक शून्य! कारण रुपयाच्या पै 192, आणि 192 ला 3 ने भाग जातो. आता उलटं करा. दहा हालीचे कलदार 8 रुपये 9 आणे आणि वर पावणेदोन पैला जरा कमी. 192 ला 7 ने भाग जात नाही, त्यामुळे हालीकडून कलदारकडे जाताना रक्कम सातच्या पटीत नसली की काहीतरी उरणारच. आमच्याकडे असा राउंडिंगचा बग निघाला तर तिकीट उघडतात. तिथे तो उरलेला तुकडा कुणाच्या गल्ल्यात जात असेल, सांगायला नको.

आणि पुसेगावाला हे गणित रोजचं असणार. थोडं उत्तरेला गेलं की पैनगंगा, पलीकडे वऱ्हाड, तिथे कलदार. नदी ओलांडली की पैसा बदलला.

त्यातच 1947 च्या शेवटी भारताशी जैसे थे करार झाल्यावर निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात अमान्य केलं. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली. त्यानंतर भारतीय रुपया आला, काही वर्षं दोन्ही चलनं त्याच सातास सहा दराने चालली, आणि हाली हळूहळू संपली. म्हणजे नोटा बदलून घ्यायला लोकांना भरपूर वेळ मिळाला होता. मग आमच्याकडची का राहिली?

गेल्या शनिवारी गावी गेलो तेव्हा आजीला विचारलं. ट्रंकेतून नोट काढली. चौपदरी घडी, घडीवर चिरलेली, कडेला तंबाखूसारखा डाग. सही गुलाम मुहम्मदची. हा निजामाचा अर्थमंत्री पुढे पाकिस्तानचा पहिला अर्थमंत्री झाला आणि 1951 मध्ये गव्हर्नर जनरल. त्याच्यानंतर निजामाचं अर्थखातं सांभाळलेला झाहिद हुसेन 1948 मध्ये स्टेट बँक ऑफ पाकिस्तानचा पहिला गव्हर्नर. थोडक्यात, आमच्या ट्रंकेत पाकिस्तानच्या गव्हर्नर जनरलची सही पडून होती. मी हे उत्साहात सांगितलं. आजीला शून्य फरक पडला.

मग म्हटलं, मित्र म्हणतोय असल्या नोटांना चांगले पैसे येतात. विकायची का?

"आपली नाही बाप्पा ती. इसाराची हाय."

तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या पंजोबांनी, एक बैलजोडी विकायला काढली होती. गावातल्या पिंजारी चाचांनी ती ठरवली आणि विसार म्हणून ही नोट दिली. पोळा झाल्यावर बैल न्यायचे ठरलं. मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात निरपराध मुसलमानांवर काय गुदरलं ते आपल्या शाळेच्या पुस्तकात नव्हतं. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवालही कित्येक दशकं दाबून ठेवलेला होता. चाचा एका रात्री बायकापोरांना घेऊन हैदराबादकडे निघून गेले. कुणाला सांगून गेले नाहीत.

पंजोबांनी बैल दोन वर्षं विकले नाहीत. मग विकले, कारण दुष्काळ होता आणि चारा नव्हता. नोट मात्र मोडली नाही. हाली बंद होणार म्हणून लोक नोटा बदलून घेत होते तेव्हाही नाही. दुसऱ्याचा विसार आपण कसा मोडायचा, असं म्हणायचे म्हणे.

"मग बदलून नवे दहा रुपये ठेवायचे ना," मी म्हटलं. (इंजिनिअर. व्हॅल्यू तीच ना!)

"ते आल्यावर त्याहीची नोट वळखली पायजे का नाही?"

पुण्याहून नेलेल्या चांगल्या पाकिटात नोट घातली. लॅमिनेट करू नका मंडळी, कागदाची वाट लागते. चाचांचं नाव आजीला आठवत नाही, सगळे चाचाच म्हणायचे. मुलाचं मात्र आठवतं. ते मी लिहून त्याच पाकिटात ठेवलंय.