भाकरी कुठून आली?

वैजापूरच्या बाजारात बाजरी घेत होतो. शेजारी एक ओळखीचे गृहस्थ होते. बोलता बोलता अगदी सहज म्हणाले, "काही म्हणा, तुमचे लोक मुळात बाहेरचेच." भांडण्याचा त्यांचा हेतू नव्हता. मीही काही बोललो नाही. पण घरी येताना मनात आलं, पिशवीतली ही बाजरी तरी मुळात कुठली?

बाजरी पश्चिम आफ्रिकेतली. मालीच्या तिलेम्सी खोऱ्यात सुमारे 4500 वर्षांपूर्वीची लागवडीची बाजरी सापडली आहे. ज्वारी सुदानकडची. तिथे कसाल्याजवळ मडक्यांच्या खापरांवर तिचे 5000 वर्षांपूर्वीचे ठसे मिळाले आहेत. नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागातली, चवळी पश्चिम आफ्रिकेतली. इफ्तारीला आपण कापतो ते कलिंगडही आफ्रिकेचंच. सुदानमध्ये आजही ज्वारीचं पीठ आंबवून 'किसरा' नावाची पातळ भाकरी करतात. आपल्याकडे आंबवलेल्या पिठाची आंबील होते.

ही धान्यं साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी भारतात पोचली आणि दख्खनला मानवली. गव्हाला थंडी आणि पाणी लागतं. बाजरी हलक्या रानात, थोड्या पावसावर येते. ज्वारी काळ्या जमिनीतल्या ओलीवर रब्बीतही तग धरते. पावसाचा भरवसा नसलेल्या आमच्या भागात माणसं जगली ती या धान्यांवर.

काही जण सांगतात, ही धान्यं मलिक अंबर आणि हबशांनी आणली. तसं नाही. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला अंबर दख्खनेत आला, तेव्हा त्याच्याच खंडातली ज्वारी-बाजरी इथे हजारो वर्षांपासून पिकत होती. तो निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. मराठा बारगीर सोबत घेऊन त्याने मुघलांना झुंजवलं. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद झालं. 1626 मध्ये तो गेला. त्याची कबर खुलताबादेत आहे. या मातीसाठी लढलेला आणि या मातीतच पुरलेला माणूस बाहेरचा कसा म्हणायचा?

चिंचेची गोष्ट तर याहून गमतीची. झाड मूळचं आफ्रिकेतलं, पण भारतात इतकं रुजलं की अरब व्यापारी तिला 'तम्र हिंदी', म्हणजे हिंदी खजूर, म्हणू लागले. इंग्रजीतलं 'टॅमरिंड' त्यावरूनच आलं. 1753 मध्ये लिनियसने शास्त्रीय नाव दिलं तेही 'टॅमरिंडस इंडिका'. आफ्रिकेच्या झाडाला अरबांनी हिंदी म्हटलं आणि जगाने ते मान्य केलं.

2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष भारताच्या पुढाकाराने साजरं झालं. सरकारने या धान्यांना 'श्री अन्न' म्हटलं. मला त्याचा आनंदच झाला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, घरोघरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते. तिला कुणी मूळ गाव विचारत नाही. ते विचारू नयेच. फक्त हीच सवलत माणसांनाही असावी, एवढंच म्हणणं आहे.

त्या गृहस्थांना मी घरी जेवायला बोलावणार आहे. बाजरीची भाकरी आणि चिंच घातलेली खट्टी दाळ करू. बाजारात राहून गेलेलं बोलणं जेवताना होईल.