अंतर्गृही शर्यती व हिवाळी सराव, शालेय
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माध्यमिक शाळांचे (इयत्ता नववी ते बारावी) लांब पल्ल्याचे धावपटू साधारणतः डिसेंबर ते मार्च या काळात करीत असलेला सराव आणि त्याच हंगामात छताखाली भरणाऱ्या शर्यती. शरद ऋतूतील क्रॉस कंट्री, म्हणजे माळरान व टेकड्यांवरील शर्यती, आणि वसंतातील खुल्या मैदानावरील शर्यती यांना जोडणाऱ्या या हंगामात संथ गतीने लांब अंतर धावून दमसास वाढविण्यावर भर असतो. बर्फामुळे रस्ते निसरडे झाले, की अनेक शाळांचे खेळाडू इमारतीच्या मार्गिकांतून व जिन्यांवरून धावतात.

अंतर्गृही धावपट्टीची प्रमाणित लांबी खुल्या धावपट्टीच्या निम्मी, म्हणजे २०० मी. असल्यामुळे एक मैलासाठी (१,६०९ मी.) आठ फेऱ्यांहून किंचित अधिक धावावे लागते. आखूड वळणांवर वेग टिकावा म्हणून काही ठिकाणी पट्टीची बाहेरील कड उंच ठेवतात, तर सभागृहातील कोरड्या हवेमुळे शर्यतीनंतर अनेकांना खोकल्याची उबळ येते.

न्यूयॉर्कमधील आर्मरी हे या शर्यतींचे प्रमुख केंद्र होय. तेथे ॲलन वेब याने २००१ मध्ये ३ मि. ५९.८६ से. अशी वेळ नोंदवून अंतर्गृही मैल चार मिनिटांच्या आत धावणारा पहिला अमेरिकन शालेय धावपटू होण्याचा मान मिळविला; २०१६ मध्ये ड्र्यू हंटर याने तेथेच ३ मि. ५७.८१ से. वेळ दिली.