स्मिर्नाचे कोफ्ते

परदेशातून परतलेला माणूस पहिले आठ दिवस घरच्यांना फार छळतो. फोटो दाखवतो, तिकडच्या रस्त्यांचं कौतुक करतो आणि मग एक दिवस स्वयंपाकघरात घुसतो. माझंही तसंच झालं. लेक-जावई जर्मनीत असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याबरोबर आठ दिवस ग्रीसला जाऊन आलो आणि आल्यावर जाहीर केलं, की येत्या रविवारी रात्री ग्रीक जेवण, आणि ते मी करणार. बायकोनं 'बरं' म्हटलं आणि भाकरीचं पीठ बाजूला काढून ठेवलं. तिला माझा स्वयंपाक ठाऊक आहे.

बेत तीन पदार्थांचा होता. पहिला त्झात्झिकी. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. दही फडक्यात बांधून टांगायचं, आपण श्रीखंडासाठी चक्का करतो तसं. त्यात किसून घट्ट पिळलेली काकडी, वाटलेला लसूण, मीठ आणि ऑलिव्हचं तेल. आपल्या कोशिंबिरीची ही जराशी जाडजूड बहीण. दुसरा पदार्थ दोल्मादेस, म्हणजे द्राक्षाच्या पानात तांदूळ गुंडाळून शिजवलेल्या सुरळ्या. माझा एक शाळासोबती तासगावकडचा द्राक्षबागायतदार. त्याला फोन केला, की कोवळी पानं पाठवून दे. तो ओरडलाच, "अरे, परवाच डाऊनीवर फवारणी झालीय. पानं खाऊन मरतोस काय?" शेवटी कोबीची पानं उकळत्या पाण्यातून काढून घेतली. ग्रीक लोकही हिवाळ्यात कोबीचीच पानं वापरतात, त्यामुळे माझी इभ्रत राहिली.

तिसरा पदार्थ सुत्सुकाकिया. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला, तो हा. खिम्यात भिजवलेला पाव, भरपूर लसूण आणि भरपूर जिरे घालून मळायचं. बोटाएवढे लांबट मुटके वळायचे, तळायचे आणि टोमॅटोच्या रश्श्यात मंद आचेवर शिजवायचे. रश्श्यात दालचिनीचा तुकडा. तिकडे थोडी लाल वाइनही घालतात. आमच्या घरात ती नाही, म्हणून मी चमचाभर व्हिनेगर घातलं. सोबत पांढरा भात.

जेवायला थोरली बहीण आली होती. आपानं पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "इत्ता दूर जाको कोफ्तेच लाया क्या रे?"

सगळे हसले. मीही हसलो. पण आपा म्हणाली ते शब्दशः खरं होतं. फारसीत 'कोफ्तन' म्हणजे कुटणं. त्यावरून कुटलेल्या मांसाचा तो कोफ्ता. हाच शब्द तुर्कांकडे 'कोफ्ते' झाला, ग्रीकांकडे 'केफ्तेस'. दोल्मा हा तुर्की शब्द, अर्थ 'भरलेलं'. त्झात्झिकी म्हणजे तुर्कांचं 'जाजिक'. भाताला ते 'पिलाफी' म्हणतात, आपला पुलाव. ग्रीसमधला सर्वांत प्रसिद्ध पदार्थ मुसाका, त्याचं नाव अरबी आणि त्यातलं वांगं आपल्या बाजूचं. संस्कृतात वांग्याला 'वातिंगण' असा एक शब्द आहे. तो इराणात गेला आणि 'बादिंगान' झाला, अरबांकडे 'बादिंजान', आणि वळसे घेत ग्रीकांकडे पोचला तेव्हा 'मेलिद्झाना'. बिचाऱ्या वांग्याला पासपोर्ट विचारायचा ठरवला, तर किती ठिकाणी त्याला रांगेत उभं राहावं लागेल!

पण मंडळी, मला सांगायचंय ते सुत्सुकाकियाबद्दल. 'सुजूक' म्हणजे तुर्की मसालेदार सॉसेज. त्याला ग्रीक भाषेतला 'छोटंसं' सांगणारा प्रत्यय लागला. पदार्थाचं पूर्ण नाव सांगताना मात्र पुढे एक शब्द येतो: स्मिर्नेइका. स्मिर्नाचे. आता नकाशात ग्रीसमध्ये स्मिर्ना शोधलंत तर सापडणार नाही. ते तुर्कस्तानात आहे. आज त्याला इझमीर म्हणतात.

थेस्सालोनिकीच्या एका खाणावळीत मी हा पदार्थ पहिल्यांदा खाल्ला. मालक माझ्याहून मोठा, सत्तरीचा असेल. मी जिऱ्याचा वास ओळखला म्हणून तो खूश झाला आणि शेजारी येऊन बसला. लेक दुभाषी. तो म्हणाला, ही माझ्या आजीची रीत आहे. आजी स्मिर्नाची. लहानपणी बोटीतून इकडे आली, आणि इथल्या ग्रीकांनी तिला नाव ठेवलं, 'दह्यात बाप्तिस्मा झालेली'. ख्रिस्ती मूल पवित्र पाण्यात बुडवतात. हे लोक तुर्कांमधून आलेले, दहीखाऊ, तेव्हा यांचा बाप्तिस्माही दह्यातच झाला असणार, असा तो टोमणा. ही शिवी नंतर पुस्तकांतही वाचायला मिळाली. तिच्या एकटीच्या वाट्याला आलेली नव्हती.

झालं होतं असं. पहिल्या महायुद्धानंतर 1919 साली ग्रीक सैन्य स्मिर्नात उतरलं. तीन वर्षं युद्ध चाललं. 1922 च्या सप्टेंबरात तुर्की सैन्यानं शहर परत घेतलं आणि मग शहराला आग लागली. ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या जळाल्या. धक्क्यावर हजारो माणसं समोरच्या जहाजांकडे बघत उभी होती. नंतर स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी बोलणी झाली आणि 30 जानेवारी 1923 रोजी ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी करार केला, लोकसंख्येच्या अदलाबदलीचा. आणि ही अदलाबदल सक्तीची. 'मला नाही जायचं' असं म्हणायची सोय नव्हती. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, त्यांतले बहुतेक करारापूर्वीच जीव मुठीत धरून पळालेले. साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. ग्रीसची त्या वेळची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास. दर चार घरांमागे एक निर्वासित घर, असं समजा.

आता यातली गोम बघा. कोण ग्रीक आणि कोण तुर्क, हे ठरवलं कशावरून? करारात कसोटी एकच, धर्म. भाषेचा विचारच नव्हता. अनातोलियाच्या मध्यभागी कारामानली नावाचे ख्रिस्ती राहत. त्यांची भाषा तुर्की. ते तुर्कीच बोलत, तुर्कीतच प्रार्थना करत, फक्त लिहीत ग्रीक अक्षरांत. त्यांना 'तुम्ही ग्रीक' म्हणून ग्रीसला धाडलं, जिथली भाषा त्यांना येत नव्हती. आणि क्रीट बेटावरचे मुसलमान? पिढ्यान्‌पिढ्या क्रीटची ग्रीक बोली बोलणारे, तिच्यातच गाणी म्हणणारे. त्यांना 'तुम्ही तुर्क' म्हणून बोटीत बसवलं. तिकडच्या लोकांनी त्यांचं स्वागत केलं ते 'अर्धे काफर' म्हणून.

या क्रीटच्या लोकांबद्दल तुर्कस्तानात एक विनोद सांगतात. शेतात एक गाय आणि एक क्रीटवाला शिरले. शेतकरी ओरडला, आधी क्रीटवाल्याला बाहेर काढा! गाय पोट भरलं की थांबेल, हा एक पान शिल्लक ठेवणार नाही. रानभाज्या आणि ऑलिव्हचं तेल, हे त्यांचं खाणं. भाषा नातवंडांपर्यंत येता येता पुसट झाली, भाज्या मात्र राहिल्या. आज आयवालिकच्या किनाऱ्यावर पर्यटक त्याच भाज्या आवडीनं खातात.

ग्रीसमध्ये त्याच काळात उलटा उद्योग चालला होता. निकोलाओस त्सेलेमेंतेस नावाचा एक आचारी फार गाजला. इतका, की ग्रीक भाषेत पाककृतीच्या पुस्तकालाच त्याच्या नावानं ओळखू लागले. त्याचा ध्यास एकच: ग्रीक स्वयंपाकातून तुर्की वळण काढायचं. मसाले कमी करा, लसूण कमी करा, फ्रेंच धर्तीवर लोणी आणि पांढरा सॉस घाला. आज मुसाक्यावर जो पांढऱ्या सॉसचा जाड थर असतो, तो बहुधा त्याचीच देणगी. मला तो थर आवडला नाही. वांग्यावर चुना मारल्यासारखा वाटतो. 1974 साली सायप्रसवर तुर्कस्ताननं सैन्य उतरवल्यानंतर ग्रीसमधली 'तुर्की कॉफी'ही 'ग्रीक कॉफी' झाली. भांडं तेच, गाळ तोच.

निर्वासितांच्या चुलींपर्यंत मात्र हे शुद्धीकरण पोचलं नाही. जिरे राहिले, दालचिनी राहिली. ज्या बायकांना दह्यावरून हिणवलं, त्यांच्याच हातचे स्मिर्नाचे कोफ्ते आज ग्रीक घराघरांत होतात.

लोझानच्या परिषदेत ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री म्हणून लॉर्ड कर्झन बसले होते. तेच आपले, 1899 ते 1905 हिंदुस्थानचे व्हाइसरॉय, बंगालची फाळणी करणारे. ही अदलाबदल हा अत्यंत वाईट उपाय आहे आणि जगाला शंभर वर्षं त्याची जबर किंमत मोजावी लागेल, अशा अर्थाचं ते तिथं बोलले. बोलले आणि करार होऊ दिला. पुढे 1940 साली पाकिस्तानच्या मागणीवर लिहिताना बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रीस, तुर्कस्तान आणि बल्गेरियाचाच दाखला देऊन अल्पसंख्याकांच्या अदलाबदलीचा उपाय मांडला. त्यामागे द्वेष नव्हता. अल्पसंख्य माणूस कायमचा भीतीत राहू नये, ही कळकळ होती. बाबासाहेबांपुढे मान तुकवणारा मी माणूस आहे, आणि तरीही ती पानं वाचताना माझं बोट क्रीटच्या बोटीवर येऊन थांबतं.

कारण सरळ आहे. त्या धक्क्यावर टेबल टाकून बसलेल्या कारकुनानं मला कुठल्या बोटीत बसवलं असतं? आमच्या घरात दखनी बोलतात, दारात मराठी. कविता मला सुचते ती मराठीतच. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, तेव्हा मी काही फार नवं करतोय असंही नाही. पण कविसंमेलनात कविता वाचून खाली उतरलो, की कोणीतरी प्रेमानं हात हातात घेऊन म्हणतं, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" माझ्याआधी वाचून गेलेल्या जोशी-पाटलांना हे कोणी म्हणत नाही. तीस वर्षं झाली, मी 'धन्यवाद' म्हणत आलोय. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हेही कळतं. कारकुनाच्या मनातही नसेल. त्याच्यापुढच्या कागदावर रकाना एकच होता.

हे सगळं त्या रात्री मी आपाला सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "पहले खा ले, थंडा होरा." कोबीच्या सुरळ्या कुणाला फारशा रुचल्या नाहीत. त्झात्झिकी संपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेले कोफ्ते बायकोनं गरम करून ताटात वाढले, सोबत ज्वारीची भाकरी. पहिल्याच घासाला ठसका लागला. रश्श्यात तिनं आमचा कांदा-लसूण मसाला घातला होता. मला विचारलंही नव्हतं.