खरखरीचा शोध

रेडिओत खरखर सुरू झाली की आपण लगेच बटण फिरवतो. मी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवले, ते ही खरखर घालवण्यासाठीच. पण गेल्या पावसाळ्यात तीच खरखर मिळावी म्हणून मी रात्र जागवली.

नातीने एकांकिकेसाठी घरीच छोटा सिंथेसायझर जुळवला होता. वारा, समुद्र, पाऊस सारे त्यातूनच यायचे होते. प्रयोग दुसऱ्या दिवशी, आणि यंत्र मुके! "आजोबा, मी सगळं नकाशाप्रमाणेच जोडलंय हो," म्हणताना तिचे डोळे भरून आले होते.

या खरखरीला मोठा इतिहास आहे. १९१८ मध्ये जर्मनीत वॉल्टर शॉटकी यांनी दाखवले, की व्हॉल्व्हमधला वीजप्रवाह अखंड धारेसारखा नसतो. इलेक्ट्रॉन पत्र्यावरच्या पावसासारखे सुटे सुटे येतात, म्हणून आवाज होतो. पुढे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांना साध्या रेझिस्टरमध्येही खरखर आढळली. तिचे कारण उष्णता. हॅरी नायक्विस्ट यांनी तिचे गणित मांडले. दोघांचे लेख १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे संगीतकारांनी हा दोष कामाला लावला. १९७० च्या मिनीमूग सिंथेसायझरमध्ये खरखरीसाठी वेगळी सोयच होती. फिल्टरमधून गाळली की तिचाच वारा होतो, तिचीच लाट होते.

नातीच्या मंडलात हे काम एका ट्रान्झिस्टरकडे होते. त्याच्या बेस-एमिटर जोडाला उलटा दाब द्यायचा. ठरावीक मर्यादेला जोड ढासळतो, एक इलेक्ट्रॉन दुसऱ्यांना ढकलत सुटतो आणि खरखर उठते.

मी आधी अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी बोट लावले. स्पीकर गुणगुणला. घरातल्या विजेचीच ती गुणगुण. म्हणजे पुढचा भाग ठीक होता. मग मीटर लावला. बॅटरी नऊ व्होल्टची, पण वापरून उतरलेली. मीटर साडेसात दाखवत होता. जोडावरही तेवढेच साडेसात! म्हणजे मधल्या रेझिस्टरवर दाब शून्य, प्रवाह शून्य. जोड ढासळलाच नव्हता, तर आवाज कुठून येणार?

"पोरी, तुझी जोडणी बरोबर आहे. दाबच पुरत नाही," मी म्हणालो. तिने दोन नव्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या. अठरा व्होल्ट झाले. जोडावर आठाच्या आसपास दाब स्थिरावला, उरलेला रेझिस्टरवर आला आणि स्पीकरमधून सरसर सुरू झाली. बाहेर पाऊस होताच; क्षणभर कोणता कुठला, कळेना.

दुसऱ्या दिवशी रंगमंचावर समुद्र गाजला. मी मागच्या रांगेत बसलो होतो. ज्या आवाजाला मी चाळीस वर्षे शत्रू मानले, तो त्या दिवशी डोळे मिटून ऐकला.