लाँग केस

साकीनाक्याच्या आमच्या घरात भाची एम.डी.च्या ‘लाँग केस’ची तयारी करते आहे : रुग्णाची हकिकत ऐकायची, त्याला तपासायचे, परीक्षकांपुढे निदान मांडायचे. (हल्ली घरात खोकायचीही सोय उरली नाही.)

खाटेपाशी शिकण्याची ही रीत मुंबईत रुजली ती १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात रुग्णांसमोर शिकवीत. १८५१ च्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी होते. मोरहेड यांचा रुग्णनोंदींवर उभा राहिलेला द्विखंडी ग्रंथ १८५६ मध्ये लंडनला निघाला. त्यात आजाऱ्याचे बोलणे डॉक्टरच्या इंग्रजीतूनच येते, हे मला खटकते.

भाचीला तसे म्हटले. ती हसली. “मामा, परवा एक आजोबा मलाच म्हणाले, डॉक्टर, जरा डावीकडे दाबा, पानथरी तिथं लागते.”