हँडलवरील ओझे, माउंटन बाइकच्या

माउंटन बाइकच्या हँडलला पिशवी, बॅग किंवा गुंडाळी बांधून सामान नेण्याची पद्धत. ओझे हलके, हँडललगत घट्ट बांधलेले आणि चाकापासून दूर असेल तर ही पद्धत सुरक्षित असते. जड, लोंबते किंवा झुलते ओझे मात्र अपघाताला कारण होते.

पार्श्वभूमी : भारतात दूधवाल्यांच्या किटल्या आणि मुंबईच्या डबेवाल्यांचे डबे हँडलला लटकत आले आहेत. त्या सायकलींचे हँडल पोलादी, पुढचे चाक धरणारा चिमटा (फोर्क) ताठ, वेग बेताचा आणि रस्ता बहुधा डांबरी असतो. माउंटन बाइक घडली ती 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्याच्या मातीच्या उतारांवर. 1989 मध्ये रॉकशॉक्स कंपनीचा ‘आरएस-1’ चिमटा आल्यानंतर तिच्यावर धक्के शोषणारा, दबणारा चिमटा रूढ होत गेला. अशा चिमट्यावर पुढचे कॅरिअर बसवणे अवघड असते. म्हणून लांबच्या भटकंतीत तंबू किंवा स्लीपिंग बॅगची आडवी गुंडाळी हँडललाच बांधतात.

वळण व तोल : हँडलबरोबर त्यावरचे ओझेही वळते. वळणाच्या आसापासून ओझ्याचे अंतर दुप्पट केले, की वळण्याला होणारा त्याचा विरोध चौपट होतो. त्यामुळे दोन किलोची गुंडाळी हँडलला चिकटून असेल तर फारशी जाणवत नाही. तीच वीतभर पुढे गेली तर दगड चुकवताना हँडल उशिरा वळते आणि वळू लागल्यावर उशिरा सावरते. संथ चढावर पुढचे चाक आपोआप एका बाजूला पडू पाहते. ही ओढ तिरक्या चिमट्याच्या सायकलींत मुळातच अधिक असते, ओझ्याने ती आणखी वाढते.

मुख्य धोके : सर्वांत गंभीर धोका चाकाचा. झुलती पिशवी तारांत शिरली तर ती चिमट्यापर्यंत ओढली जाते, चाक जागच्या जागी थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. दबणाऱ्या चिमट्यामुळे हा धोका लपून राहतो : 120 मिलिमीटर दबणारा चिमटा खड्ड्यात टायरला जवळजवळ तितकेच वर आणतो. उभ्या सायकलीवर मोकळी दिसणारी जागा तेव्हा उरत नाही. दुसरा धोका ब्रेकचा. पिशवीचे बंद ब्रेकच्या दांड्यामागे अडकतात, केबली दबतात किंवा मुरडतात. काही किलोंच्या ओझ्याने धडधाकट हँडल सहसा मोडत नाही, कारण उडी उतरताना हातांचा दाब त्याहून कितीतरी अधिक असतो. मात्र कार्बनचे हँडल क्लॅम्पच्या आवळण्याने चिरडू शकते, आणि ओरखडे पडलेले किंवा पूर्वी आपटलेले अॅल्युमिनियमचे हँडल फारशी पूर्वसूचना न देता तुटते.

दक्षता : अनेक हँडल-बॅगांची कमाल मर्यादा 5 किलो किंवा त्याहून कमी असते, हँडलच्या उत्पादकाची मर्यादा त्याहून कमी असल्यास तीच पाळावी. हँडलवर कपडे, अंथरूण अशा हलक्या वस्तू ठेवाव्यात. पाणी, अवजारे आणि धान्य फ्रेमच्या त्रिकोणात, खाली न्यावे. बांधणी झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. हवेच्या चिमट्यातील हवा सोडून तो पूर्ण दाबावा आणि ओझे टायरला टेकत नाही याची खात्री करावी. मग हवा पूर्ववत भरावी. खडबडीत वाटेवर बंद सैल होतात, म्हणून पहिल्या काही किलोमीटरनंतर आणि प्रत्येक मोठ्या उतारापूर्वी थांबून ते पुन्हा आवळावेत. बाजारहाटाची पिशवी हँडलच्या टोकाला नुसती अडकवून उतारावर जाऊ नये. ती पाठीवर घ्यावी.